सोबतीची दुखणी

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जो जंतू जगापुढे ठेवला, तोच आज चिखलीच्या हमालाच्या बेडक्यात सापडतो. जंतू सारखा, औषधेही देशभर सारखी. तरी एक जण सहा महिन्यांत कामाला लागतो आणि दुसऱ्याची दुसऱ्याच महिन्यात तिरडी उठते. जंतू औषधाला दाद देणारा असूनही माणूस जातो, तेव्हा कारण पुष्कळदा त्याच्या देहात आधीपासून मुक्काम केलेल्या दुसऱ्या दुखण्यात असते.

*

जंतूला औषध मारते. बरे मात्र शरीरालाच व्हावे लागते.

*

बुलढाणा जिल्ह्यात माणूस गाव सांगण्याआधी घाटावरचा की घाटाखालचा ते सांगतो. तालुके तेरा, २०११च्या जनगणनेनुसार माणसे २५,८६,२५८. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा; घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव; आणि पूर्णा ओलांडली की सातपुड्याच्या पायथ्याला जळगाव जामोद व संग्रामपूर. एका जिल्ह्यात पाणी दोन तऱ्हेचे, माती अनेक तऱ्हांची आणि दुखण्यांच्या जोड्या त्याहून अधिक. क्षयाच्या गोळ्यांचे पान मात्र सगळीकडे तेच जाते.

पान तेच असायलाच हवे. प्रश्न ते कोणाच्या हातात पडते याचा आहे.

*

बियाणे एकच असले तरी पीक रानावर ठरते, हे कपाशी पेरणाऱ्याला शिकवावे लागत नाही. क्षयाचा जंतू कोट्यवधी भारतीयांच्या शरीरात निजलेला आहे. ज्यांच्या शरीरात तो शिरला, त्यांतल्या शंभरातल्या पाच ते दहांनाच आयुष्यात कधी तरी क्षय होतो. बाकीच्यांचे शरीर त्याला उठू देत नाही.

म्हणून 'हा कुठून आला?' या प्रश्नाइतकाच 'हा इथे रुजला कसा?' हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पहिल्याचे उत्तर शेजारच्या खोकल्यात असते, दुसऱ्याचे आपल्या रक्तात, ताटात आणि कष्टात.

*

जागतिक आरोग्य संघटना क्षयाला वाट करून देणाऱ्या पाच गोष्टी वर्षानुवर्षे मोजते: अपुरे पोषण, एचआयव्ही, दारू, धूम्रपान, मधुमेह. या पाचांतल्या एकीवरही क्षयाची गोळी चालत नाही.

*

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सहावा अध्याय प्रमेहाचा, आठवा राजयक्ष्म्याचा. राजयक्ष्म्याची कारणे तिथे चार दिली आहेत: ताकदीबाहेरचे श्रम, शरीराचे वेग दाबून ठेवणे, धातूंची झीज, आणि वेळी-अवेळी कसेतरी खाणे. जंतू ठाऊक नसताना वैद्याने माणूस नीट पाहिला होता. आता जंतू ठाऊक आहे, त्याची कुंडली सीबीनॅटच्या यंत्रात दोन तासांत निघते. त्या दोन तासांत समोर बसलेल्या माणसाकडे पाहायला वेळ आहे.

*

"मले शुगर हाय. पण आता टीबीच्या गोया चालू झाल्या ना, म्हून शुगरच्या बंद केल्या. इतक्या गोया एका टायमाले कशा खाव?"

वऱ्हाडी माणसाच्या या बोलण्याला अडाणीपणा म्हणू नये. पोटात आग पडलेली असते, तोंडाला चव नसते, लघवी लालसर होऊन जीव घाबरलेला असतो. अशा वेळी माणूस जे दुखणे ठणकते त्याचे औषध घेतो आणि जे गप्प बसते त्याचे थांबवतो. मधुमेह वर्षानुवर्षे गप्प बसतो. त्याची ही गप्प राहण्याची खोड क्षयाच्या फार कामी येते.

*

साखर आणि क्षय यांच्यात एक गाठ नाही, चार गाठी आहेत.

पहिली रक्तातली. साखर वाढली की जंतूला गिळणाऱ्या पेशी सुस्तावतात. जंतू गिळला जातो, मरत नाही. त्यामुळे औषध चालू असूनही दोन महिन्यांनी बेडक्यात जंतू दिसत राहण्याचा संभव वाढतो.

दुसरी तापातली. क्षयाचा दाह स्वतःच साखर चढवतो. पहिल्या दिवशी चढलेली साखर हा मुरलेला मधुमेह आहे की तापाचा तात्पुरता उठाव, हे एका तपासणीत कळत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा पाहावे लागते. एकदा बोट टोचून कागदावर आकडा लिहिला म्हणजे साखर तपासली असे होत नाही.

तिसरी यकृतातली. क्षयावरचे रिफॅम्पिसिन यकृताचे काम इतके वाढवते की ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडसारखी साखरेची गोळी नेहमीपेक्षा लवकर शरीराबाहेर जाते. रुग्णाने गोळी इमानाने घेतलेली असते, आणि तरी साखर उतरत नाही. मग घरचे म्हणतात, 'चोरून गोड खाल्लं असेल.' दोष ना जिभेचा असतो ना नियतीचा. मेटफॉर्मिनला ही अडचण फारशी येत नाही. कित्येकांना काही महिने इन्सुलिनचा आधार द्यावा लागतो. आणि क्षयाचा शेवटचा डोस संपल्यावर यकृताचा वेग पुन्हा उतरतो. वाढवलेला साखरेचा डोस तसाच राहिला, तर ज्याची साखर सहा महिने चढत होती तोच घाम फुटून, डोळ्यांपुढे अंधारी येऊन बसतो. टीबी बरा झाल्याच्या आनंदात हा धोका कोणाच्या ध्यानात राहत नाही.

चौथी नसांतली. मधुमेहाने तळपायांना मुंग्या येतात, क्षयावरच्या आयसोनियाझिडनेही येतात. ब-६ जीवनसत्त्वाची बारीकशी गोळी त्यासाठीच असते. 'ही काय, नुसती ताकदीची' म्हणून टाकून दिली जाते ती बहुधा हीच.

*

मधुमेह्याला क्षय होण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट-तिप्पट असते. उपचार चालू असताना मृत्यू येण्याचा धोका सुमारे दुप्पट, आणि बरा झालेला क्षय उलटण्याचा धोकाही अधिक. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली आलेल्या अभ्यासानुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्णही याच देशात आहेत.

दोन दुखणी एका देहात आली की त्यांची बेरीज होत नाही. गुणाकार होतो.

*

शुगरवाल्याला सांगतात, भात बंद कर. टीबीवाल्याला सांगतात, भरपूर खा. दोन्ही असलेला माणूस दोन्ही सल्ले ऐकून उपाशी राहतो.

त्याला कोणीतरी बसवून सांगायला हवे: डाळ वाढव, अंडी खा, शेंगदाणे खा, दूध घे. साखर औषधाने आवरायची असते, उपासाने नव्हे. हे सांगायला पाच मिनिटे लागतात. न सांगितल्याने जे वजन जाते ते भरून यायला महिने लागतात.

*

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. जमीन काळी आणि खोल, पण तिच्या पोटातले पाणी खारट. हंड्याच्या आत पांढरा थर धरतो, तो चिंचेने घासला तरी पुरता निघत नाही. साबणाला फेस येत नाही. डाळ शिजता शिजत नाही. संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या गावांत किडनीने गेलेल्यांची यादी लोकांना तोंडपाठ असते, आणि तिचा दोष गाव पाण्याला देते. वान धरणाचे पाणी १४० गावांना पोचवण्याची योजना याच दोन तालुक्यांसाठी आली.

या पट्ट्यात क्षयाला मूत्रपिंडाच्या दुखण्याची सोबत आहे. आणि ही सोबत साखरेपेक्षाही कमी बोलकी आहे.

*

मूत्रपिंड मंदावलेल्या शरीरात क्षय लवकर उठतो आणि उशिरा दिसतो. डायलिसिसवरच्या माणसाला खोकला असेलच असे नाही. क्षय मानेच्या गाठीत असतो, पोटात असतो, फुफ्फुसाच्या आवरणात साचलेल्या पाण्यात असतो. संध्याकाळचा ताप, मेलेली भूक, उतरलेले वजन, सगळे किडनीच्या खात्यावर मांडले जाते. बेडका तपासावा तर त्यात जंतू नसतो. असा महिना जातो, कधी दोन जातात.

निदान झाल्यावर पेच संपत नाही. इथॅम्ब्युटॉल शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडाचे. ते होईना, तर औषध साचते आणि डोळ्याच्या नसेवर बसते. आधी लाल-हिरवा रंग नीट ओळखू येत नाही, मग अक्षर पुसट होते. मूत्रपिंड फार थकलेले असेल तर इथॅम्ब्युटॉल आणि पायराझिनामाइड रोज न देता आठवड्यातून तीनदा देतात; डायलिसिस चालू असेल तर त्या दिवशी डायलिसिस झाल्यावर. रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिडचा भार मुख्यतः यकृत उचलते, म्हणून ती चालू राहतात. विज्ञानाने वाट काढून ठेवली आहे. त्या वाटेला लागण्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचे माप, आधी ठाऊक असावे लागते.

खाऱ्या पाण्याच्या गावात क्षयाचा उपचार क्रिएटिनिन पाहून सुरू व्हावा. तिथे ती जादा तपासणी नव्हे.

*

गोळ्या किती द्यायच्या ते काटा ठरवतो. ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ किलोला चार. एका गोळीत चार औषधे बसवलेली: आयसोनियाझिड ७५, रिफॅम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४००, इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. दोन महिने ही चार, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. हिशेब चोख आहे.

काटा फक्त किलो सांगतो. त्या किलोंत रक्त किती, पाणी किती, आणि पायावर आलेली सूज किती, हे पायावर बोट दाबून पाहणाऱ्यालाच कळते.

*

एके काळी क्षयावर औषधच नव्हते. हवा, विश्रांती आणि अन्न एवढाच उपचार होता. मिरजेजवळ वानलेसवाडीला, पुण्याजवळ औंधला आरोग्यधामे उभी राहिली. डॉक्टर आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या, तेव्हा तर स्ट्रेप्टोमायसिनला अजून अर्धशतकाहून अधिक काळ अवकाश होता.

मग औषधे आली, आणि १९५६ साली मद्रासला एक मोलाचा अभ्यास सुरू झाला. घरी राहून, गरिबाच्या जेवणावर औषध घेणारे रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णांइतकेच बरे होतात, हे त्याने दाखवले. खाटांअभावी मरणाऱ्या लाखो गरिबांना त्यामुळे दारात उपचार मिळाला. हे ऋण फार मोठे आहे. पण त्याच्या आडून एक समजूत मुरली, की औषध पोटात गेले म्हणजे झाले, ताटाचे काय एवढे.

ही समजूत खोडायला झारखंडमधला अभ्यास यावा लागला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात क्षयरुग्णांना दरमहा १० किलो शिधा दिला: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यातला मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी उतरला. घरातल्या इतरांनाही शिधा मिळाला तेव्हा त्यांच्यात नव्याने होणारा क्षय सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला.

४० किलोच्या माणसाचे ५ टक्के म्हणजे दोन किलो. जगणे आणि मरणे यांच्यात कधी कधी एवढेच अंतर असते.

*

बुलढाण्याच्या रानात तूर पिकते. तुरीचे दाणे बाजारात जातात, आणि ती खुडणाऱ्या बाईच्या वरणात पाणी वाढते.

निक्षय पोषण योजनेतून एप्रिल २०१८ पासून रुग्णाला महिना ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. पैसा खात्यात येतो, ही चांगली गोष्ट आहे. खात्यातून तो ताटात येईल याची हमी कोणतीही बँक देत नाही. तेलाचे, शाळेचे, फवारणीचे पैसे त्याच दाराशी रांगेत उभे असतात.

आणि घरात शेवटी जेवणारी बाई आजारी पडली तरी शेवटीच जेवते. तिच्या औषधाचा पाठपुरावा आशाताई करते. तिच्या पानात काय पडते याचा पाठपुरावा घरातल्या पुरुषाने करावा. त्याला कोणत्याही योजनेची गरज नाही.

*

पंडुरोगाला गावात दुखणे मानतच नाहीत. 'बाईच्या जातीला असायचाच थकवा,' असे म्हणतात. जे सगळ्यांनाच आहे ते दिसेनासे होते. क्षय येतो तेव्हा त्याला ही न दिसणारी वाट आयती सापडते.

*

दारू पिणाऱ्याला क्षय झाला की सल्ला तयार असतो: आधी दारू सोड, मग औषध.

भीती खोटी नाही. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड या तिन्हींचा भार यकृतावर पडतो. त्यात दारू मिळाली की कावीळ होते, औषधे थांबवावी लागतात आणि उपचाराची घडी विस्कटते. पण दारू हेदेखील एक दुखणेच आहे, आणि एका दुखण्याचा उपचार दुसऱ्या दुखण्याची अट होऊ शकत नाही. पिणाऱ्याला यादीतून काढणे सोपे असते. त्याला त्याच्या दारूसकट धरून ठेवणे, यकृताची तपासणी वेळेवर करणे, घरच्यांशी बोलणे आणि दारू सुटेपर्यंत न कंटाळणे, याला उपचार म्हणतात. काढून टाकलेला रुग्ण आपला खोकला घेऊन गावातच राहतो.

*

उदासी क्ष-किरणात दिसत नाही. कर्जाची, नापिकीची, एकटेपणाची, किंवा 'ताट वेगळं ठेवा त्याचं' या एका वाक्याची. औषध सोडणाऱ्याला आपण बेफिकीर म्हणतो. पुष्कळदा त्याने औषधाआधी आशा सोडलेली असते.

ताट वेगळे ठेवून क्षय टळत नाही. तो हवेतून पसरतो. खिडकी उघडावी, खोकताना तोंडाला फडके धरावे, औषध नियमित चालू ठेवावे. ताट वेगळे केल्याने फक्त माणूस वेगळा पडतो.

*

एचआयव्हीने हा धडा आधीच दिलेला आहे. भारतात तो १९८६ साली पहिल्यांदा आढळला. पुढे एड्सचा रुग्ण क्षयाने मरताना दिसू लागला, तेव्हा दोन कार्यक्रमांना एकमेकांचे दार ठोठावावे लागले. आज क्षयाच्या रुग्णाची एचआयव्ही तपासणी होते, आणि एचआयव्हीच्या औषधांसाठी एआरटी केंद्रात येणाऱ्याला खोकला, ताप, वजन व रात्रीचा घाम विचारतात. रिफॅम्पिसिन चालू असेल तर एचआयव्हीवरचे डोलुटेग्राविर दिवसातून दोनदा द्यायचे, हे समुपदेशकालाही ठाऊक असते.

क्षय आणि मधुमेह यांच्या एकत्रित कामाचा राष्ट्रीय आराखडाही २०१७ पासून आहे. आराखडा दिल्लीत होतो. तो खरा ठरतो प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या टेबलावर, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या शिल्लक असतात त्या दिवशी.

*

दवाखान्यात येताना रुग्ण एक कॅरीबॅग आणतो. टेबलावर ती ओतायला सांगावी.

तिच्यात बीपीचे अर्धे पान निघते, कात्रीने कापलेले, नाव असलेली बाजू गेलेली. शुगरच्या गोळ्या दोन नावांच्या पण एकाच औषधाच्या निघतात, कारण दोन डॉक्टरांनी दिलेल्या असतात. थायरॉइडची बाटली, फिटची गोळी, गुडघ्यासाठी मेडिकलवरून घेतलेले काहीतरी, कागदात बांधलेली वैदूची पुडी. रिफॅम्पिसिनमुळे यांतल्या कित्येक औषधांचा जोर उतरतो: रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनचा, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा, थायरॉक्सिनचा, गर्भनिरोधक गोळीचाही. फिटवरचे फेनिटॉइन उलट आयसोनियाझिडमुळे रक्तात साचू शकते, आणि माणूस झोकांड्या खाऊ लागतो. घरच्यांना वाटते, अशक्तपणा आहे.

कॅरीबॅग उघडून पाहणे हीसुद्धा तपासणी आहे. तिला यंत्र लागत नाही. आणि तिच्याइतकी माहिती कोणताही क्ष-किरण देत नाही.

*

टीबीची खिडकी वेगळी, शुगर-बीपीची वेगळी, एआरटी केंद्र जिल्ह्याला, डायलिसिस आणखी कुठे. कार्यक्रम वाटून घेतल्याशिवाय चालत नाहीत, हे मान्य. पण माणूस वाटून घेता येत नाही. प्रत्येक खिडकीला त्याची एक मजुरी बुडते. चार खिडक्यांचा माणूस हळूहळू तीन खिडक्यांवर येतो, मग एकीवर, आणि एके दिवशी कुठेच येत नाही.

खिडक्यांनी एकमेकींकडे निरोप पाठवावा. रुग्णाला निरोप्या करू नये.

*

मृगात सुरू झालेला उपचार दिवाळी उलटल्यावर संपतो. खरिपाचा हंगामही जवळपास तेवढाच. सोयाबीन काढून झाले की घाटावरची कित्येक कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीला बाहेर पडतात. ज्याचा उपचार तोवर संपलेला नसतो, त्याच्या क्षयाची नोंद निक्षय पोर्टलवर असते, औषध दुसऱ्या जिल्ह्यातही मिळू शकते. साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांचा माग इतक्या नेटाने कोणी काढत नाही. फडात पोचेपर्यंत त्या संपतात. क्षयाचे औषध चालू आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात, आणि घाव दुसरीकडून बसतो.

*

उपचाराच्या शेवटी निकालाच्या रकान्यात एक शब्द भरला जातो: बरा झाला, उपचार पूर्ण, अयशस्वी, उपचार सोडला, मृत्यू.

'मृत्यू' लिहिले की साखर किती होती, क्रिएटिनिन किती होते, शेवटचे वजन किती होते, हे त्या शब्दाखाली गाडले जाते. गाव म्हणते, टीबीने गेला. गाव ऐकलेले सांगते. दप्तराने मात्र खरे कारण शोधावे, कारण पुढच्या रुग्णाचा जीव त्या शोधावर आहे.

'बरा झाला' लिहिले तरी गोष्ट संपत नाही. जंतू जातो, फुफ्फुसावर व्रण राहतो. विहिरीवरून भरलेला हंडा आणताना जिला दोनदा टेकावे लागते, तिला आपण बरी म्हटले आहे. तिचा दम हे आता नवे जुनाट दुखणे आहे, आणि त्याच्यासाठी कोणताही रकाना नाही. असा दम लागणाऱ्याला पुन्हा टीबी झाला म्हणून पुन्हा गोळ्या सुरू होतात, हेही घडते. जुना व्रण आणि नवा जंतू यांतला फरक क्ष-किरणावरून नव्हे, बेडक्यावरून ठरवावा.

*

मृत्यूंपैकी बरेचसे पहिल्या दोन महिन्यांत होतात. म्हणजे धोका सुरुवातीलाच दारात उभा असतो, आणि त्याच दिवसांत आपण म्हणत असतो, 'आता औषध सुरू झालंय, काळजी नको.'

तमिळनाडूने २०२२ साली यावर एक साधी पद्धत राज्यभर लावली. निदान होताच प्रत्येकाला तपासायचे: उंचीच्या मानाने वजन धोक्याइतके कमी आहे का, दम लागतो का, रक्तात ऑक्सिजन पुरेसा आहे का, पायावर सूज आहे का, आधाराशिवाय उभे राहता येते का. यात जो अडला त्याला घरी न पाठवता दाखल करायचे. बंदिस्त प्रयोगशाळा नाही, महागडे यंत्र नाही. काटा, उंचीची पट्टी, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि पाहणारी नजर.

हे तमिळनाडूला जमते तर खामगावला, मेहकरला, जळगाव जामोदलाही जमेल. इथल्या परिचारिकांचे आणि आशाताईंचे हात कमी कसबी नाहीत. त्यांना फक्त हे काम सोपवावे लागेल, आणि त्यांच्या बारा नोंदवह्यांपैकी दोन कमी कराव्या लागतील.

*

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात २०१५ साली लाखामागे २३७ जणांना वर्षभरात नव्याने क्षय होत असे. २०२३ साली हा आकडा १९५ होता. घट खरी आहे, आणि तिच्यामागे हजारो माणसांचे कष्ट आहेत. २०२५ पर्यंत क्षय संपवण्याचा संकल्प मात्र पुरा झाला नाही.

जसजसा क्षय कमी होईल, तसतसे उरलेले रुग्ण अधिक अवघड असतील. धडधाकट तरुण बरे होऊन जातील. मागे उरतील मधुमेही, म्हातारे, डायलिसिसवरचे, पिणारे, उपाशी, एकटे. शेवटचा क्षय हा फुफ्फुसांचा रोग असणार नाही. तो सोबतीच्या दुखण्यांचा रोग असेल.

*

एका रोगाशी लढताना माणूस विसरला जाऊ शकतो. अनेक रोगांशी एकत्र लढायचे म्हटले की माणूस आठवावाच लागतो. त्या सगळ्यांचा पत्ता एकच असतो.

*

जे करायचे ते अवघड नाही. ग्लुकोमीटरची एक पट्टी, क्रिएटिनिनसाठी रक्ताची एक नळी, काटा, ऑक्सिमीटर, कॅरीबॅग उघडून पाहणे, आणि 'घरात काय शिजतं?' हा एक प्रश्न. सगळे मिळून अर्धा तास. बुलढाणा जिल्ह्यातल्या प्रत्येक क्षयरुग्णाला हा अर्धा तास निदानाच्या दिवशीच मिळाला पाहिजे, घाटावर आणि घाटाखाली, सरकारी दवाखान्यात आणि खासगीतही. दुसऱ्या महिन्यात तो देऊ केला, तर ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज होती, तो घ्यायला आलेला नसतो.